समुद्रापर्यंत जागं राहायचं

मालुख या आपल्या जुन्या, चिमुकल्या गाडीचं मागचं झाकण उघडून एर्विन कंबरेपर्यंत इंजिनात शिरला होता. बाहेर दिसत होती ती फक्त त्याची ढगळ पँट आणि अधूनमधून पाना मागणारा काळा हात. पाना त्याची बायको त्रुदा देत होती. उद्या सकाळी निघायचं होतं, खाणींच्या रिब्निकहून थेट परदेशात स्प्लितला, समुद्राकाठी, लेकीकडे. इलोना विमानाची तिकिटं काढून द्यायला एका पायावर तयार होती. "विमानाची खिडकी उघडत नाही," एवढं बोलून बापाने तो विषय संपवला होता.

"झालं! टॅपेट जुळले, झडपांची फट बरोबर. कर चालू."

त्रुदाने दोन सीटांमधला, गाडी चालू करायचा दांडा ओढला. इंजिन खोकलं, शिंकलं आणि चालू झालं. एर्विनने स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवलं, मूठ कानाला लावली, डोळे मिटले.

"ऐक, ऐक! कसं लोण्यासारखं चाललंय!"

लोणी कसलं, आत कोणीतरी ताटलीवर चमचा बडवत होतं. कौलांवरची कबुतरंसुद्धा उठून पलीकडच्या छपरावर जाऊन बसली. एर्विन मात्र डोळे मिटून हसत होता. त्रुदाला "छान" म्हणून मोकळं होता आलं असतं. हिवाळ्यापासून ती तेच करत आली होती. पण वाटेत आल्प्सचे डोंगर लागणार होते.

तिने गाडी बंद केली आणि त्याला तोंड दिसेल अशी समोर उभी राहिली.

"वाजतंय."

"काय वाजतंय?"

"चमचा बडवल्यासारखं. आत."

"तुला कधीपासून इंजिन कळायला लागलं?" एर्विन हसला. "आजवर प्रत्येक सहलीला घोरत आलीस. सीमेवर पासपोर्ट दाखवायलासुद्धा मी उठवायचो."

"वाजतंय, एर्विन. अख्ख्या अंगणाला ऐकू येतंय. तुला येत नाही."

तो चिंधीने हात पुसू लागला. पुसून झाले तरी पुसतच राहिला.

"कधीपासून माहीत आहे तुला?"

"ख्रिसमसपासून. मी म्हटलं, मासा खारट झालाय. तू म्हणालास, तुलाही सुखाचं जावो."

त्याला हसू आलं, पण टिकलं नाही. त्याने बादली उपडी घातली आणि तिच्यावर बसला. खाणीत आयुष्यभर ड्रिल धरलेला माणूस, कान जाणार हे त्याला काय ठाऊक नव्हतं? फक्त कोणी बोललं नव्हतं.

"इलोनाला सांगितलंस?"

"नाही."

"मग आता सांग. पाठव म्हणावं तिकिटं." तो गाडीकडे बघत नव्हता. "हिच्यात पाणी नाही, रेडिएटर नाही, इंजिन तापलं ते सांगणारा काटा नाही. वाऱ्यावर थंड होणारी गाडी ही. चढावर दमली तर ती आवाजानेच सांगते, आणि ते मला कळणार नसेल तर मी ड्रायव्हर कसला? नुसता स्टिअरिंग धरून बसलेला म्हातारा."

त्रुदाला ते फार लागलं. त्याला एकट्याला तिथे सोडून घरात जावं आणि रडून घ्यावं असं वाटलं. ती गेली खरी, पण चहाचे दोन पेले घेऊन परत आली.

"मला शिकव," ती म्हणाली.

"काय?"

"ऐकायला!"

गरम इंजिनाचे टॅपेट जुळवत नाहीत, त्यामुळे थांबणं भाग होतं. दोघांनी चहा घेतला, मग वाटेत खायला केलेल्या कटलेटांतले दोन कमी केले. इंजिनाला हात लावला तरी चटका बसेना, तेव्हा एर्विन पुन्हा आत शिरला. एक नट सैल राहिला होता. त्याने पातळ पट्टी सरकवून फट मोजली, नट आवळला, झाकण बसवलं, आणि त्रुदाने इंजिन पुन्हा चालू केलं.

"आता?"

त्रुदाने मान वाकडी करून ऐकलं. "शिलाई मशीन. नवं, तेल घातलेलं."

"बरोब्बर. असंच ऐकू यायला हवं." त्याने ॲक्सिलरेटरची केबल ओढून इंजिन खूप पळवलं. "आणि हे?"

"हे ओरडतंय."

"म्हणजे मी गियर वरचा टाकायला हवा. ते कुथायला लागलं तर खालचा. आणि चमचा वाजला तर तिथेच थांबायचं, समुद्र दिसत असला तरी." त्याने केबल सोडली. "म्हणजे त्रुदा, तुला वाटभर झोप नाही. समुद्रापर्यंत जागं राहायचं."

"राहीन की."

"आणि मला कळवणार कसं? ओरडशील?"

"ओरडले तर सीमेपलीकडच्या झेक लोकांना ऐकू जाईल, तुला नाही." तिने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि दाबला. "असं."

सकाळी मालुख अंगणातून बाहेर पडली, छतावर सुटकेस, मागे निळा धूर. समोरच्या घरातली हिल्दा खिडकीत उशी टाकून, तिच्यावर कोपरं टेकून बसली होती. तिच्या नजरेतून या गल्लीत काही सुटत नाही. गाडी खिडकीखालून गेली तेव्हा इंजिन कुथत होतं. त्रुदाने गुडघा दाबला, एर्विनने गियर बदलला, तिचा हात तिथेच राहिला.

"अगं बाई!" हिल्दा आत बघून म्हणाली. आत तिचा नवरा आल्फ्रेड नाश्ता करत होता. एर्विनच्याच खाणीतला, त्याच्याच पाळीचा. "बघ जरा, या वयात! भर रस्त्यात नवऱ्याच्या मांडीवर हात, आणि काढतसुद्धा नाहीये! मला नाही तू कधी असं नेलंस कुठे!"

"हो हो," आल्फ्रेड आतून म्हणाला, "ठेव तिथेच, मी मग खातो."

हिल्दाने गाडीवरची नजर काढली आणि वळून नवऱ्याकडे बघितलं. बराच वेळ बघत राहिली.