दोन पुडे साखर, वर लोणी

शोना मघापासून एकाच तीनचाकी बाबागाडीपुढे उभी होती. दुकानातली पोरगी, केल्सी, ती गाडी गर्रकन फिरवून दाखवत होती.

"बघा, एका बोटाने वळते. वाळू म्हणू नका, दगडी रस्ता म्हणू नका. पुढचं चाक पक्कं केलं की हिला घेऊन पळतासुद्धा येतं. तुम्ही पळता?"

"नाही."

"मग बाळाचे बाबा पळत असतील."

"रोरी? तो बस सुटत असली तरी पळत नाही," शोनाची आई मोरॅग म्हणाली.

केल्सी हसली. शोनाही हसली असावी, कारण तिचे ओठ ताणल्यासारखे झाले.

मोरॅगला चार चाकांची हवी होती. नातवंडाची गाडी मुलीच्या आईने घ्यायची असते, म्हणजे चाकंही तीच मोजणार. "तीन पायांचं स्टूल ठीक आहे, गाईखाली बसायला. मूल ठेवायला चार चाकं लागतात."

केल्सीने कपाटातून एक जडशी बाहुली काढली. "ही ठेवून ढकलून बघा. अगदी नवजात बाळाच्या वजनाची आहे."

शोनाने बाहुली हातात घेतली. क्षणभर धरली. मग परत केल्सीकडे दिली.

"फार जड आहे," ती म्हणाली. "खाली टोपलीत सिलिंडर मावतो का?"

"कसला? कॅम्पिंगचा?"

"ऑक्सिजनचा."

केल्सीने बाहुली तशीच छातीशी धरली. तिला आत्ता कळलं की शोनाचं पोट सपाट आहे.

"झालाय तो," शोना म्हणाली. बसचं वेळापत्रक सांगावं तसं तिने सांगितलं. "फिनली. फार लवकर झाला. डंडीच्या हॉस्पिटलात आहे. रविवारपर्यंत श्वास असाच राहिला तर घरी सोडणार आहेत, सिलिंडरसकट."

नाही राहिला तर काय, ते डॉक्टर बोलले नव्हते. शोनानेही विचारलं नव्हतं.

केल्सी भिंतीपाशी गेली आणि आग विझवायचा लहान लाल सिलिंडर खुंटीवरून काढून घेऊन आली. "एवढाच असतो का?"

"साधारण."

चारचाकीच्या टोपलीला मधोमध आडवी दांडी होती. लाल सिलिंडर तिथे अडला. केल्सीने तिरका करून पाहिला, उलटा करून पाहिला. मोरॅगनेही वाकून एकदा ढकलून पाहिला. मग तीनचाकीच्या टोपलीत तो सरळ आडवा झाला, तिथेच झोपायला आल्यासारखा.

"बरं. तीन तर तीन," मोरॅग म्हणाली.

"नाव लावून माडीवर ठेवते," केल्सी म्हणाली. "बाळ घरी आलं की न्या. सगळे तसंच करतात."

"आज नेते," शोना म्हणाली.

मोरॅगचा पर्समधला हात थांबला. "शोना. मूल घरात यायच्या आधी गाडी आणत नाहीत. तुझी गाडी तू येईपर्यंत याच माडीवर होती."

"माहितीये."

"मग?"

"घरात त्याचं काहीच नाहीये, आई. त्याचं एवढंसं बिऱ्हाड, तेही सगळं हॉस्पिटलात. दार उघडल्यावर एक तरी वस्तू त्याची दिसू दे."

मोरॅगने पैसे दिले. लेकीकडे न बघता दार ढकलून बाहेर गेली. काचेतून दिसलं, रस्ता ओलांडून ती समोरच्या वाण्याच्या दुकानात शिरली.

"रागावल्या का त्या?" केल्सीने विचारलं.

"असेल," शोना म्हणाली. तिला खरंच काही वाटत नव्हतं.

मोरॅग पिशवी घेऊन परत आली. पिशवीतून साखरेचा एक पुडा काढून तिने गाडीत ठेवला. त्याच्या शेजारी दुसरा. वर लोण्याची वडी.

"रिकामी गाडी रस्त्याने ढकलायची नाही," ती म्हणाली. "निदान तेवढं तरी माझं ऐक. दोन किलो अडीचशे. काल नर्सने सांगितलं तेवढं भरतंय."

जन्मला तेव्हा फिनली साखरेच्या एका पुड्याएवढासुद्धा नव्हता.

शोना बघत राहिली. मग तिने पट्टा लावला. एक पुडा कलंडत होता, म्हणून गळ्यातला मफलर काढून त्याच्या बाजूला खोचला आणि उरलेला वरून पांघरला.

बंदराकडच्या उतारावर मिसेस गेडिस भेटल्या. मोरॅगच्या जुन्या शेजारीण. गाडी पाहिली आणि त्यांनी लांबूनच पर्स उघडली. नवं बाळ गाडीत पहिल्यांदा दिसलं की चांदीसारखं नाणं ठेवल्याशिवाय त्या गावात कोणी पुढे जात नाही.

"म्हणजे आला की गं घरी. बघू दे, कुणावर गेलाय."

मोरॅग काहीतरी सांगणार होती, पण तोवर मिसेस गेडिस गाडीच्या छताखाली वाकल्याही होत्या. त्यांनी मफलर बोटाने बाजूला केला.

त्या तशाच वाकून राहिल्या.

मग त्यांनी नाणं दोन पुड्यांच्या मधे नीट सरकवलं आणि मफलर होता तसा ओढला.

"बारीक आहे," त्या म्हणाल्या. "पण भरेल. छत खाली घे गं पोरी. पाण्यावरून वारा येतोय."

शोनाने छत खाली घेतलं. पुढे उतार होता. एका बोटाने वळणारी ती गाडी तिने दोन्ही हातांनी घट्ट धरली.