सोवळं

टॅक्सी फाटकाशी येऊन थांबली आणि नेमकी त्याच वेळी घरोघर तपासणी करणारी आशा सेविका, मेघाताईही आली. देवव्रत बॅगा पडवीत ओढून आणत होता, तो जागीच थबकला.

"मेघाताई, तुम्ही? सोमवारीच तर झाली ना आमची गल्ली?"

"कोपऱ्यावर पेशंट निघाला, दादा. म्हणून पुन्हा सगळी घरं." तिने वही उघडली. "कुणाला ताप, सर्दी, खोकला?"

हाच प्रश्न विमान कंपनीने सकाळी फोनवरच्या फॉर्ममध्ये विचारला होता. तिथे 'नाही'वर बोट टेकवलं की काम झालं होतं. इथे तेच माणसाच्या तोंडावर सांगायचं होतं.

"नाही," तो म्हणाला.

आतल्या खोलीत त्याची आई, द्वारकाबाई, चार दिवस तापाने फणफणली होती. करोनाची तपासणी केली नव्हती. केली असती आणि काही निघालं असतं, तर घराला बोर्ड लागला असता आणि चौदा दिवस कोणालाच दाराबाहेर पाऊल टाकता आलं नसतं. देवव्रतचा स्वतःचा रिपोर्ट स्वच्छ होता. पण कॅनडाने कायम राहायची जी परवानगी दिली होती तिची मुदत परवा संपत होती. त्याआधी तिथे उतरून कागदावर शिक्का घेतला नाही, तर पाच वर्षांची खटपट पाण्यात. शिवाय विमानं कधी बंद होतील याचा नेम नव्हता. "तुझं विमान उडू दे, मग बघू माझं," असं आईच म्हणाली होती. ती म्हणाली हे खरं. ती म्हणायची तो वाट बघत होता, हेही तितकंच खरं.

"बाईंचं बोट बघते तेवढं." मेघाताईने पिशवीतून ऑक्सिमीटर काढला. "साठीच्या पुढच्यांचं बघायलाच सांगितलंय."

तिने चपला काढल्या. या घरात ती विचारून आत जाणाऱ्यांतली नव्हती. चौथीच्या स्कॉलरशिपला बाईंनी तिला इथेच बसवून शिकवलं होतं. बौद्धवाड्यातली मुलगी स्वयंपाकघरात जेवते म्हणून गल्लीने नाकं मुरडली, तेव्हापासून बाई तिचा पाट आपल्या पाटाला लागून मांडायच्या. कर्जतमध्ये हे सगळ्यांना ठाऊक होतं.

तिचा पाय उंबऱ्यावर पडला. आता काहीतरी बोलणं भाग होतं. आई झोपली आहे म्हटलं तर ती उठवेल, अंघोळीला गेली आहे म्हटलं तर थांबेल. ज्याच्यापुढे कोणी काही विचारत नाही असं एकच कारण देवव्रतला सुचलं.

"आई सोवळ्यात आहे."

मेघाताईने पाय मागे घेतला.

"बाई?" ती म्हणाली. "बाई कधीपासून सोवळं पाळायला लागल्या?"

"वय झालं आता. त्यात ही साथ. देवाधर्माकडे वळली आहे जरा."

"हां." तिने पुन्हा चपला घातल्या आणि पडवीची पायरी उतरून अंगणात जाऊन उभी राहिली. तसं कोणी सांगितलं नव्हतं. "मग राहू दे. बऱ्या हायेत ना पण?"

"अगदी."

"तुमी सांगताय म्हंजी झालं."

ती वहीत लिहू लागली. मास्कमुळे तिचा चेहरा दिसत नव्हता, आणि देवव्रतला त्याचं बरं वाटलं. बरं वाटलं हे लक्षात आलं तशी त्याची कानशिलं तापली. जन्मात जे आईने केलं नाही, ते तो तिच्या नावावर सांगून मोकळा झाला होता, तेही सगळ्यांना सोडून मेघाताईला. टॅक्सीवाल्याने हॉर्न दिला.

"मेघा."

आवाज आतून आला. बसका होता, पण शेवटच्या बाकापर्यंत पोचवायची सवय असलेला.

"मी सोवळ्यात नाहीये. मला ताप आहे, चार दिवस झाले. मास्क नीट लाव आणि आत ये."

मेघाताईने देवव्रतकडे पाहिलं, मग बॅगांकडे, मग टॅक्सीकडे. चपला पायरीशी काढून ती त्याच्या बाजूने आत गेली. तापाचं खोटं आईने त्याच्यासाठी चार दिवस सांभाळलं होतं. हे मात्र तिने दोन मिनिटंही चालू दिलं नाही.

"ऑक्सिजन एक्याण्णव," आतून मेघाताईचा आवाज आला. "बाई, आत्ताच हलवाया पायजे तुमाला."

मग ती फोनवर बोलली. ॲम्ब्युलन्स, दहिवली, म्हातारं माणूस, लवकर. त्यानंतर आई बराच वेळ हळू आवाजात काहीतरी सांगत होती. देवव्रत उंबऱ्याच्या बाहेर उभा होता. आत जायला त्याला कोणी अडवलं नव्हतं. तोंड कसं दाखवायचं, एवढंच अडत होतं.

मेघाताई दाराशी आली.

"गाडी येतेय. बाईंबरोबर मी जाते," ती म्हणाली. "घराची नोंद मला करावीच लागेल, दादा. पण ती मी दवाखान्यात पोचल्यावर करीन."

"आई काय म्हणाली?"

"म्हणाल्या, त्याला म्हणावं नीघ आता."

देवव्रतला वाटलं, म्हणावं, मी थांबतो. शब्द ओठांवर आलेही. पण त्याआधीच त्याची नजर मनगटावरच्या घड्याळाकडे गेली होती, आणि ते मेघाताईने पाहिलं होतं.

विमान गाठता येण्याइतका वेळ अजून होता.