दीड चमचा साखर

"राहणार आहेस ना चार दिवस?" बाबांनी विचारलं.

सकाळपासून तिसऱ्यांदा. धाकटी हसून म्हणाली, "बघू हो. आधी हातपाय तर गरम होऊ देत."

बाहेर थंडी मी म्हणत होती. स्वयंपाकघराच्या खिडकीची काच वाफेनं पार पांढरी झाली होती. बाबा अंगात दोन स्वेटर, डोक्याला कानटोपी अशा थाटात ओट्यापाशी दूध तापवत होते.

धाकटी काही सहज आलेली नव्हती. मागच्या महिन्यात बाबा गॅसवर पातेलं ठेवून फिरायला निघून गेले. धूर बघून शेजारीण धावली म्हणून बरं. ते ऐकून दोन्ही मुलांचं धाबं दणाणलं. दादानं तर एका वृद्धाश्रमात खोलीच बघून ठेवली. आश्रमाला आज संध्याकाळपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं. "तू जाऊन डोळ्यांनी बघ," तो म्हणाला होता. "एकटे राहू शकतील असं वाटलं तर विषय संपला. नाहीतर मी होकार कळवतो." बाबांना इतक्यात काही बोलायचं नाही, हेही दोघांनी ठरवून टाकलं होतं.

"आज वार कोणता हो बाबा?" तिनं उगाचच विचारल्यासारखं केलं.

"तुझ्या फोनमध्ये दिसत नाही का?" बाबा वळलेसुद्धा नाहीत.

म्हणजे नाही सांगता आलं. धाकटीनं सुस्कारा टाकला.

बाबांनी दालचिनीचा डबा उघडला, बंद केला, पुन्हा उघडला. एक काडी दुधात गेली. मग कोको, चिमूटभर सुंठ. उकळी फुटली तशी संत्र्याची साल पडली आणि घरभर तो वास सुटला. त्या वासानं धाकटी एकदम सात वर्षांची झाली. आई हॉस्पिटलात रात्रपाळीला असायची, त्यामुळे थंडीतल्या सकाळी बाबांच्याच वाट्याला यायच्या. बाबा बस चालवायचे. "इंजिन तापल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढायची नसते," असं म्हणत ते दोघांना रजईतून उपसून काढायचे आणि हातात कप द्यायचे. घरात त्या पेयाचं नावच पडलं होतं, इंजिन. साखर पातेल्यात घालायची नाही, ज्याच्या त्याच्या कपात. दादाला एक चमचा, धाकटीला दीड. त्या अर्ध्या चमच्यावरून रोज हमरीतुमरी व्हायची. किती सुखाचे दिवस होते ते, आणि तेव्हा त्याचं काही वाटायचं नाही.

"दादाचा फोन हल्ली रोज येतो," बाबा गाळणी शोधत म्हणाले. "जेवलात का, गॅस बंद केलात का. पूर्वी महिनोन्‌महिने पत्ता नसायचा पठ्ठ्याचा."

"काळजी वाटते त्याला."

"वाटू दे की. तुला आठवतं, एकदा साखर कमी पडली तर तू कप मोरीत ओतला होतास? वर मला म्हणालीस, असलं तुमच्या कंडक्टरला पाजा."

धाकटीला हसू आवरेना. जुनं कसं लख्ख आठवतंय यांना. घोटाळा होतो तो आत्ताचाच. असंच असतं म्हणे या दुखण्यात.

बाबांनी दोन कप भरले. फडताळापाशी जाऊन पाठमोऱ्यानंच त्यात चमचे घातले, ढवळले आणि एक कप तिच्यासमोर ठेवला. "घे बयो. तुझं दीड चमच्याचं."

तिनं पहिला घोट घेतला आणि तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

खारट. खारट म्हणजे समुद्राच्या पाण्यासारखं खारट.

बाबा समोर बसून आपला कप मजेत भुरकत होते. चवीला इतका चोखंदळ माणूस, आणि आता साखर कुठली आणि मीठ कुठलं ते जिभेलाही कळू नये? धाकटीला भडभडून आलं. ओरडून सांगावं तर बिचाऱ्यांचा चेहरा पडेल. तिनं नाक न मुरडता दुसरा घोट घेतला, तिसरा घेतला.

"कसं झालंय?"

"मस्त."

"मग राहतेस ना चार दिवस?"

चौथ्यांदा. आता तिला ऐकवेना. "आलेच हं, एक फोन करून," म्हणत ती गॅलरीत गेली आणि दार ओढून घेतलं. दादानं लगेच उचलला. "नाही रे जमायचं त्यांना," ती दबक्या आवाजात म्हणाली. "मीठ आणि साखर कळत नाही. तू होकार कळवून टाक." पलीकडून दादा म्हणाला, "बरं. कळवतो आत्ताच."

डोळे पुसून ती आत आली. बाबा तसेच बसून होते. त्यांच्या कपात निम्मं उरलं होतं. धाकटीनं आपला कप उचलला, श्वास धरला आणि तळापर्यंत रिकामा केला. निदान एवढं तरी त्यांच्यासाठी करावं, असं तिला वाटलं.

"साखर बरोबर पडली होती?" बाबांनी विचारलं.

"अगदी पूर्वीसारखी."

बाबांनी मान हलवली आणि आपला कप तिच्यापुढे सरकवला. "यातला एक घोट घेऊन बघ."

तिनं घेतला. गोड होता.

"दीड चमचा मीठ होतं तुझ्या कपात, मीच मोजून घातलं," बाबा शांतपणे म्हणाले. "ते तू हसत प्यायलीस, म्हणजे गोष्ट मोठी असणार. आता सांग बयो, तुम्ही दोघांनी मला कुठे पाठवायचं ठरवलंय?"