दोन शिट्ट्या

उभ्या उतारावर खाली धाकटा तोडलेल्या ओंडक्यांना तारेचा फास घालायचा आणि वर थोरला यंत्राने ते ओढून घ्यायचा. एक शिट्टी म्हणजे ओढ, दोन म्हणजे थांब. बापाच्या घराच्या वाटणीवरून दोघा भावांचं असं फाटलं होतं, की वर्षभर एकमेकांशी अवाक्षर नव्हतं. पण शिट्टीवाचून काम अडायचं. तिच्यावरून थोरल्याला कळायचं, गडी दमलाय, आज खुशीत आहे.

काम झपाट्याने उरकावं म्हणून साहेबांनी धाकट्याच्या हाती बटण दिलं. ते दाबलं की वर हिरवा नाहीतर लाल दिवा लागे. ओंडके भराभर वर येऊ लागले. थोरल्याला मात्र रान खायला उठलं.

"आता काय अडचण आहे?" त्याचा चेहरा बघून साहेबांनी विचारलं.

"काही नाही. दिवा चांगलाय," थोरला म्हणाला. "दमत नाही."

संध्याकाळी यंत्र बंद करून तो नेहमीसारखा मान खाली घालून एकटाच घरच्या वाटेला लागला. तेवढ्यात मागून शिट्टी आली. पाठोपाठ दुसरी.

थोरला थांबला.