सातवेशीचा वेढा

बस डांगे चौकातून सुटली तरी दिव्याने वही काढली नाही, तेव्हा मागच्या सीटवरून पिंकी म्हणाली, "काय गं, आज मांत्रिक सुट्टीवर का?"

कोणी हसलं नाही. ड्रायव्हरशेजारी बॉनेटवर आज जयदीप बसला होता. निघोज्याच्या लक्ष्मणरावांचा मुलगा. बस लक्ष्मणरावांची, कंपनीत माणसं पुरवायचा ठेका लक्ष्मणरावांचा, आणि त्या माणसांवर नजर ठेवायला हा. एरवी तो स्वतःच्या गाडीने येतो. आज त्याला बसची हौस आली ती काही उगाच नव्हे.

वायरिंगच्या कारखान्यातल्या दुसऱ्या शिफ्टच्या या सव्वीस बायका. चार महिने दुपारच्या बसमध्ये दिव्या त्यांना आपली कादंबरी वाचून दाखवत होती. रोज घरी दोन पानं लिहायची, रोज बसमध्ये वाचायची. सातवेस नावाचं शहर आणि त्याला वेढा घालून बसलेला काळभद्र मांत्रिक. तो मुठीतली राख फुंकायचा. ती ज्याच्या अंगावर पडेल तो आपल्याला काय हवं होतं तेच विसरून जायचा. शहराचा शेवटचा दरवाजा फक्त द्वारपालीण तारिणीच्या हाताने उघडत असे. काल वाचन थांबलं तेव्हा काळभद्राने तारिणीची लेक तटाखाली आणून उभी केली होती. दार उघड आणि पोरगी घेऊन जा, म्हणत होता. बायकांना कालपासून चैन नव्हतं.

चढतानाच जयदीपने दिव्याला बाजूला घेतलं होतं. आवाज चढवला नव्हता. तो कधी चढवतच नाही.

"ताई, गेल्या आठवड्यात तुमी वाचलं, शहरातल्या बायकांनी मांत्रिकाचं धान्य परत धाडलं. त्याच रविवारी बावीस जणींनी ओव्हरटाइमला न्हाई म्हटलं. मला माघारी काळभद्र म्हणत्यात, ते बी कानावर आलंय." मग त्याने खिशातला कागद उलगडून दाखवला. "कायम करायच्या सहा जणींची यादी हाय. तुमचं नाव तिसरं. वाचन बंद करा, एवढंच."

दिव्याला कायम व्हायचं होतं. फार व्हायचं होतं. सहा वर्षं दर सात महिन्यांनी ब्रेक, दोन महिने घरी, पुन्हा अर्ज, पुन्हा नवी मुलगी म्हणून पहिला दिवस. कागदावरची सहाही नावं तिने वाचली होती, आपलं दोनदा. कादंबरी काय, कुणाला न ऐकवताही लिहिता येते. चिंचवड मागे पडेपर्यंत तिने स्वतःला हे चार वेळा समजावलं.

मोशीच्या पुढे कोंडी लागली. ट्रेलरमागे ट्रेलर. बस जागची हलेना.

"दिव्या वाचंना तर मीच सांगते," इंदुताई म्हणाल्या. इंदुताई लातूरकडच्या, वयाने सगळ्यांत मोठ्या, जयदीपच्या डोळ्यांत बघून बोलणाऱ्या बसमधल्या एकट्याच. "तर मंग, लेकरू खाली उभं. तारिणीनं बघितलं. आन दार उघडलं."

"उघडलं?" पिंकी म्हणाली.

"मंग काय करावं माय तिनं? पोटचं लेकरू हाय. दार उघडलं, मांत्रिकाच्या पाया पडली. मांत्रिक बी काय वाईट नव्हता. त्यानं लेकरू दिलं, वर लुगडं दिलं."

जयदीप हसला. "आता कशी गोष्ट झाली."

लुगडं! दिव्याच्या अंगाची लाही लाही झाली. लिहायला घेण्याच्या आधीपासून, वर्षभर ती मनात या तारिणीबरोबर राहिली होती, भाजी चिरताना, मशीनवर वायरी कापताना. तारिणीच्या दंडावरचा व्रण कुठून आला हे फक्त तिला ठाऊक होतं. त्या तारिणीला ही बाई एका लुगड्यावर विकत होती.

इंदुताई रंगात आल्या होत्या. "मंग मांत्रिकानं तिला वाड्यावर कामाला ठिवलं. कायमचं."

"नाही उघडलं," दिव्या म्हणाली.

जयदीपने मान वळवली.

दिव्या उभी राहिली. वहीची गरज नव्हती, ते पान तिला पाठ होतं. "तारिणीने कडीवर हात ठेवला, एवढं खरं आहे. सरकवायचीच बाकी होती. तेवढ्यात खालून लेक ओरडली, आई, हा मला रोज सकाळी सोडतो म्हणतो, आणि सोडत नाही."

इंदुताई खिडकीबाहेर बघू लागल्या. त्यांचं काम झालं होतं.

जयदीपने यादी काढून मांडीवर पसरली. पेनाचं टोपण दातांनी काढलं, सावकाश, सगळ्यांना दिसेल असं. पिंकीने दिव्याची ओढणी खेचली, खाली बस म्हणून.

दिव्याने पुढच्या सीटचा दांडा घट्ट धरला.

"साहेब," ती म्हणाली, "खोडताना आडनाव बघून खोडा. पाचव्या नंबरलाही एक दिव्या आहे, तिचं राहू द्या."

मग ती बायकांकडे वळली. "हां. तर कडीवरचा हात तिने काढून घेतला."