दुसरा चमचा

फोनवरच्या ‘परत मागवा’ असं लिहिलेल्या बटणावर ताईचं बोट अधांतरी होतं. समोरच्या खुर्चीतलं गिऱ्हाईक, एक काका, भिंतीवरची अक्षरं मोठमोठ्याने वाचत होते. शेवटची ओळ काही त्यांना दिसेना. ताईला मात्र सगळं लख्ख दिसत होतं. धाकट्या भावाची नवी गाडी, पुढच्या सीटवर ऐटीत बसलेली आई, आणि मागे, आईच्या पिशव्यांना टेकून, आपण.

हे चष्म्याचं दुकान काढण्याआधी ताई एका भिंगांच्या कंपनीत होती. तिथे मिळालेले शेअर तिने जिवापाड सांभाळले होते. आता ते बाजारात शोधूनही सापडत नव्हते, म्हणून ब्रोकरमार्फत ती ते भाड्याने द्यायची. दुकानाचं वीजबिल त्यातून सुटायचं. आईला त्याचं काडीचं कौतुक नव्हतं. धाकटा शेअरबाजारात काय डोकं चालवतो, धाकट्याने मला कुठे कुठे फिरवलं. फोन करायची ताई आणि गुणगान ऐकायचं धाकट्याचं! याला गणित शिकवलं कुणी, हे ताईच्या अगदी जिभेवर यायचं. ती ते गिळायची आणि मग दिवसभर ते पोटात दुखत राहायचं.

परवा जेवताना तर धाकट्या साहेबांनी टेबलावर दोन चमचे मांडून शिकवणीच घेतली. पहिला चमचा म्हणजे त्याने विकलेलं वचन: भिंगकंपनीचे शेअर ठरल्या भावाला देईन. दुसरा म्हणजे त्याने विकत घेतलेलं वचन: भाव चढलाच, तर जरा वरच्या भावाला मला शेअर मिळतील. तोटा झालाच तर दोन चमच्यांच्या मधला, त्यापलीकडे नाही. आई जादूचे प्रयोग बघावेत तशी बघत होती. पहिलं वचन घेणाऱ्याने मुदतीआधीच शेअर मागितले, म्हणे. याच्याकडे होते कुठे? ब्रोकरने कुणाचे तरी भाड्याने आणून दिले, याने ते पुढे देऊन टाकले. आता भाव उतरला की स्वस्तात विकत घ्यायचे आणि ज्याचे त्याला परत करायचे.

“मग दुसऱ्या वचनात पैसे कशाला अडकवून ठेवू? विकलं,” असं म्हणून त्याने दुसरा चमचा उचलून आईच्या वाटीत ठेवला.

“आणि ज्याचे शेअर आहेत त्याने मधेच परत मागितले तर?” ताईने विचारलं.

“नाही मागणार.” धाकटा तिच्याकडे बघून तोंडभर हसला.

ते हसणं ताईच्या डोळ्यात खुपलं. वर आई म्हणाली, तो सगळा विचार करून करतो गं, तू उगाच खोडे घालू नकोस.

आज सकाळी ब्रोकरकडच्या माणसाने गंमत म्हणून फोनवर सांगितलं होतं, तुमचे शेअर घरातच आहेत बरं का ताई, बंधुराजांकडे. आमच्याकडे हे देणारं तुमच्याशिवाय आहे कोण?

“शेवटची ओळ दिसत नाहीये हो,” काका म्हणाले.

“सोडून द्या,” ताई म्हणाली आणि तिने बटण दाबलं.

पुढे व्हायचं तेच झालं. भाड्याने द्यायला दुसरं कुणी नव्हतं, म्हणून ब्रोकरने धाकट्याच्या खात्यातून मिळेल त्या भावाला शेअर विकत घेतले. कुणीतरी अडलंय हे बाजाराला कळायला कितीसा वेळ लागतो? भाव भसाभस चढला. अडवायला दुसरा चमचा नव्हता. साठवलेलं गेलं, पाठोपाठ गाडी गेली. आईच्या फोनवरचं गुणगान आटलं. ताईला जेवण गोड लागायला लागलं.

एका दुपारी धाकटा चालतच दुकानात आला. घामाने शर्ट पाठीला चिकटलेला. ताईने उत्तर कधीचं घोटून ठेवलं होतं: माझे शेअर, माझी मर्जी. तो काकांच्याच खुर्चीत बसला. ताई काचेवरून फडकं फिरवत राहिली.

“ब्रोकरने मला बजावलं होतं गं,” तो म्हणाला. “देणारा कधीही परत मागू शकतो, दुसरं वचन विकू नका म्हणून. मी म्हटलं, देणारी माझी ताई आहे.”

फडकं थांबलं.

“आता चूक झाकायला तुझं नाव पुढे करतायत, लबाड कुठले. तू फक्त सोबत चल. तू मागितले नाहीस, एवढंच त्यांच्या तोंडावर सांग.”