फाट्यापासून वर

“गाडी? कुटली गाडी?” गोजराबाईंनी परीक्षक बाईंनाच उलट विचारलं.

समाजमंदिराच्या ओट्यावर बसलेल्या तृप्तीच्या हातातला चहाचा कप तोंडापाशीच थांबला.

“शाळेची गाडी,” परीक्षक बाई म्हणाल्या. “सातवीपुढच्या मुलींना न्यायला वाडीपर्यंत येते, असं तृप्तीनं अहवालात लिहिलंय.”

“न्हाई बा. पोरी चालतच जात्यात फाट्यापत्तुर. व्हय की न्हाई गं?”

“चालतच जात्यात,” बाकीच्या बायांनी एका सुरात माना डोलावल्या.

समाजकार्याच्या ऑनर्सचं हे शेवटचं वर्ष. पेपर चांगले गेले होते, हजेरी पुरी होती. विशेष प्रावीण्याचं मेडल अडलं होतं ते फक्त आजच्या भेटीवर. भर पावसात खालच्या जांब्याहून स्कूटी हाणत ती ताम्हिणीच्या या वाडीवर यायची. गाडी मिळावी म्हणून शाळेच्या संस्थेत तिनं इतके हेलपाटे घातले की तिथला शिपाईही तिला ओळखायला लागला. आणि पहिल्या दिवशी गाडीपुढं नारळ फोडायला ज्या सर्वांत पुढं होत्या, त्याच गोजराबाई आज विचारत होत्या, कुटली गाडी!

“मावशी, असं काय करताय?”

“आता मॅडमपुढं खोटं बोलू व्हय?” गोजराबाईंनी तोंड इतकं सरळ ठेवलं, की तृप्तीला तो कप त्यांच्या पायाशी आपटावासा वाटला.

तेवढ्यात वळणावर हॉर्न वाजला. पिवळी गाडी धुरळा उडवत थेट ओट्यापुढं येऊन उभी राहिली. दप्तरं सावरत पोरी उतरल्या आणि गोजराबाईंची नात वैष्णवी “आज्जी, भूक लागली” म्हणून ओरडत आली. बायका एकदम आपापले पदर नीट करायला लागल्या.

परीक्षक बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. “मग ही कुठली गाडी?”

“ही व्हय?” गोजराबाई म्हणाल्या. “ही आजच आली जणू.”

तृप्तीनं त्यांचा दंड धरला आणि त्यांना समाजमंदिराच्या मागं नेलं. “काय वाईट केलं होतं मी तुमचं?”

“वाईट न्हाई, लई चांगलं केलंस. म्हणूनच तर.” गोजराबाईंचा आवाज खाली आला. “तुज्या आदी तुज्याच कालेजातली ती सायली आलती. तिनं बी गाडी आणली. तिला मेडल घावलं, आमी टाळ्या वाजवल्या. ती गेली, आन म्हैन्याभरात गाडी बी गेली. पोरी बसल्या घरी. तुला मेडल घावलं की तू बी जाणार. नापास झालीस तर फिरून हितंच येशील न्हवं?”

तृप्तीला रडावं की ओरडावं कळेना. ती ओरडलीच. “अहो मावशी, नापास झालं की दुसऱ्या गावी पाठवतात!”

“आँ?” गोजराबाईंचा चेहरा पडला. “हे आदी न्हाई का सांगायचं?”

तृप्ती पाय आपटत पुढं आली. ड्रायव्हरनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं होतं.

“मॅडम, झाली का परीक्षा? मग सोमवारपासून खाली फाट्यावरनंच वळवतो गाडी. विठ्ठलराव म्हणले, मॅडमची परीक्षा होईस्तवरच वर जायचं.”

विठ्ठलराव म्हणजे संस्थेत गाड्यांचं बघणारे गृहस्थ. परीक्षक बाईंनी सगळं ऐकलं होतं.

“त्यांना फोन कोण करतं, तृप्ती?”

“मीच करते, मॅडम.”

“वाडीतल्या कुणी कधी केला?”

तृप्तीनं नकारार्थी मान हलवली. बायांना शिकवत बसण्यापेक्षा स्वतः फोन लावला की काम पटकन व्हायचं, अहवालातही ते छान दिसायचं.

“ऑनर्स मिळेल,” परीक्षक बाई समजुतीच्या सुरात म्हणाल्या. “विशेष प्रावीण्य मात्र नाही देता येणार मला.” आणि त्या जीपकडं निघून गेल्या.

त्यांचं चुकलं असतं तर तृप्तीला भांडता तरी आलं असतं. त्यांचं काहीच चुकलं नव्हतं, त्यामुळं सगळी चीड तिच्या अंगातच राहिली. तिनं फोन काढला, विठ्ठलरावांचा नंबर लावला, स्पीकर चालू केला आणि फोन गोजराबाईंच्या हातात कोंबला.

“धरा. नात तुमची, गाडी तुमची. बोला.”

“मी? अगं मी काय बोलू त्या मोठ्या माणसाशी?”

“मला बोललात की आत्ता. तसंच बोला.”

“हां, बोला मॅडम,” फोनमधून विठ्ठलराव म्हणाले.

गोजराबाईंनी फोन तोंडापासून हातभर लांब धरला आणि डोक्यावरचा पदर पुढं ओढला. “मॅडम न्हाई. वरल्या वाडीवरनं गोजराबाई बोलतीया. सोमवारी गाडी वर आली पायजे.”

“कोण गोजराबाई? ते आमचं मॅडमशी बोलणं झालेलं असतं. मॅडमना द्या फोन.”

गोजराबाईंनी समोर हाताची घडी घालून उभ्या असलेल्या तृप्तीकडं पाहिलं. क्षणभर फोन तिच्याकडं सरकलाही. मग त्यांनी तो मागं घेतला आणि तृप्तीकडं पाठ फिरवली.

“मॅडम गेल्या,” त्या म्हणाल्या. “आता माज्याशीच बोला.”